देवाला कामं सांगणं थांबवलं तेव्हा

माझे यजमान गोदीत फिटर होते. दारूच्या आजारातून ते आज बाहेर आहेत, पण ती गोष्ट त्यांची आहे आणि सांगायची झाली तर त्यांनीच सांगावी. मी लिहितेय ते पिणाऱ्या माणसाच्या घरातल्या बाईबद्दल. सोडायचं तिच्याकडेही काही असतं. मला काळजी सोडायची होती, आणि ती माझ्या अंगात यांच्या दारूइतकीच मुरली होती. नावं कुणाचीच लिहीत नाही. पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांचा आमचा एक गट आहे, तिथे पहिल्या नावापलीकडे कुणाला काही विचारत नाहीत, आणि त्या एका नियमामुळेच मला तिथे तोंड उघडायचा धीर झाला.

आम्ही नायगावचे. घरात देवधर्म पहिल्यापासून. सासूबाई दर एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठलाला चालत जायच्या, त्यांच्यामागे मीही जायला लागले. यांची दारू सुटावी म्हणून मी मंगळवार धरले, सिद्धिविनायकाच्या रांगेत पहाटे उभी राहिले, बांद्र्याला माउंट मेरीच्या पायाशी मेणबत्ती लावली, कुणी सांगितलं म्हणून माहीमच्या दर्ग्यातही जाऊन आले. मुलांच्या डोक्यावर हात ठेवायला लावून यांच्याकडून शपथा घेतल्या. एका आषाढीला पंढरपुरात यांच्या गळ्यात तुळशीची माळ पडली. त्या माळेच्या आधाराने कायमची सुटलेली माणसं आमच्या चाळीत आहेत, त्यामुळे माळेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. यांची माळ मात्र गटारीला खुंटीवर गेली. आषाढी एकादशी ते आषाढ अमावास्या, मध्ये दिवस ते किती! त्या रात्री यांच्यावर दारूचं ओझं होतंच, वर देवाला फसवल्याचंही आलं, आणि ते दुसरं ओझं सहन होईना म्हणून हे आणखी प्यायले. शपथ मोडलेल्या माणसाचं असं होतं हे मला खूप नंतर समजलं.

मी देवापुढे बसायचे ती यादी घेऊनच. ड्युटी सुटली की हे सरळ घरी येऊ देत. पाकीट न फोडलेलं हातात पडू दे. साहेबाला वास न येवो. मुलीच्या स्नेहसंमेलनाला हे धड उभे राहू देत. हात जोडलेले असायचे, पण जीव दाराच्या कडीकडे लागलेला. आणि उठल्यावर त्यातली एकही गोष्ट मी देवावर ठेवायची नाही. साडेसहा वाजले की फोन करायचा, आवाजावरून अंदाज घ्यायचा. दारातून आत आले की पाणी देण्याच्या निमित्ताने जवळ जाऊन वास घ्यायचा. शर्टाचे खिसे बघायचे. गोदीत फोन करून ताप आलाय म्हणून सांगायचं. मुलाला गल्लीच्या टोकाच्या परमिट रूममध्ये बघायला पाठवायचं. त्याला मी पाठवायचे तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता.

एकदा दीर आणि मी मिळून ठरवलं की यांना चार दिवस घरातच ठेवायचं, दारूचा थेंब मिळू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी यांचे हात थरथरायला लागले, घाम सुटला, आणि त्या रात्री फिट आली. परळच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जे समजावलं ते मी प्रत्येक नव्या बाईला सांगते, इथेही सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. माणसाला नसलेलं दिसतं, अंग तापतं, जिवावरही बेततं. म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन सोडवायची असते. लोकलच्या डब्यात ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ असे कागद चिकटवलेले असतात, त्यांच्याही नादाला लागू नये. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाची गोळी असते, ती पोटात असताना वर दारू गेली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली जातो. ती गोळी डॉक्टरच देतात, आणि घेणाऱ्याला पूर्ण कल्पना देऊन देतात.

तिथल्या समुपदेशक बाईंनी यांच्याशी बोलून झाल्यावर मला थांबवलं. ‘तुमची झोप किती होते?’ असं त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत माझ्या झोपेची चौकशी कुणी केली नव्हती. यांच्यासाठी एए आहे, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, आणि घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. मी तो कागद बरेच दिवस पर्समध्ये ठेवून फिरले. माझ्या मते इलाज यांना हवा होता, मला काय करायचा?

शेवटी गेले ती महापालिकेच्या शाळेत. संध्याकाळी रिकामा झालेला वर्ग, लहान मुलांचे बाक, फळ्यावर सकाळचे भागाकार तसेच. आठ-दहा बायका, एक म्हातारे वडील, एक कॉलेजची मुलगी. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी एक कापडी पिशवी फिरते, त्यात वाटलं तर पैसे टाकायचे. एकीचं बोलून होईपर्यंत दुसरी मध्ये बोलत नाही आणि बोलून झाल्यावर कुणी सल्ला देत नाही. चाळीत राहणाऱ्या बाईला याची केवढी अपूर्वाई! आमच्याकडे दुःख सांगायला तोंड उघडलं की समोरून तीन उपाय आणि एक दोष येतो.

बारा पायऱ्या वाचून दाखवतात. १९३५ साली अमेरिकेत अक्रन शहरात बिल आणि डॉक्टर बॉब या दोन पिणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या आधाराने एए सुरू केलं, त्यांच्या त्या पायऱ्या. बिलची बायको लोइस आणि तिच्यासारख्या बायकांनी १९५१ मध्ये अल-ॲनॉन उभं केलं तेव्हा पायऱ्या त्याच ठेवल्या, फक्त बाराव्या पायरीत ‘मद्यपी’च्या जागी ‘इतर’ असं केलं. म्हणजे पहिली पायरी आम्हालाही तीच: दारूपुढे आम्ही हतबल आहोत. मी थेंबही न घेतलेली बाई, मी कशी दारूपुढे हतबल? त्या संध्याकाळी मला ते पटलं नाही. पटलं ते घरी जाताना बसमध्ये, कारण मी शाळेपासून नायगावपर्यंत यांना सारखे फोन लावत होते आणि उचलला जात नव्हता, आणि बाहेर कोणता स्टॉप गेला ते मला कळत नव्हतं.

तिसऱ्या पायरीवर मी अडले. आपली इच्छा आणि आपलं आयुष्य, आपल्याला जसा समजला तशा ईश्वराच्या हवाली करायचा निर्णय घ्यायचा, असा तिचा आशय. मला वाटलं, यात नवं काय आहे? मी जन्मभर तेच करत आले. आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळ्या त्यांना बाईच म्हणतात. त्यांना मी माझ्या स्पॉन्सर व्हा अशी विनंती केली होती. स्पॉन्सर म्हणजे आपल्या आधी त्या वाटेवरून गेलेली, फोनवर हजर असणारी सोबतीण. त्यांना मी माझ्या उपासतापासाचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अगं, तू देवाला कामं सांगतेस. आणि त्यानं ती तुझ्या पद्धतीनं केली का, हे बघायला दारात उभी राहतेस. एकदा त्याच्यावर सोपवून तर बघ.’

मला राग आला होता. दोन आठवडे मी त्यांना फोन केला नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, आणि एका पहाटे डब्यांच्या पोळ्या लाटताना मला रडू कोसळलं. मी घरून पोळी-भाजीचे डबे देते. बाईंना फोन केला, विचारलं, सोपवायचं म्हणजे नेमकं करायचं काय? मला करून बघता येईल असं काही सांगा.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली, वही. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे माझं काम, उजवीकडे माझं नसलेलं. सकाळी जी काळजी मनात असेल ती यातल्या एका बाजूला लिहायची, दोन्हीकडे नाही. पहिल्या दिवशी मी जवळजवळ सगळं डावीकडे लिहिलं. हे वेळेवर घरी येतील का, माझं काम. यांच्या नोकरीचं काय, माझं काम. बाईंनी फोनवर एकेक वाचायला लावलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: ‘यात आज तुझ्या हातानं होण्यासारखं काय आहे?’ यांनी प्यायचं की नाही, यात माझ्या हाताचं काहीच नव्हतं. नोकरीत माझं इतकंच होतं की खोटा ताप कळवायचा नाही. पण मुलीची फी भरायची होती, माझ्या नावावर स्वतंत्र खातं काढायचं होतं, यांच्या फंडावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते बघायचं होतं, माझी रक्तदाबाची गोळी संपली होती. ही माझी कामं होती आणि मी ती महिनोन् महिने केली नव्हती, कारण माझा सगळा जीव उजव्या बाजूला अडकला होता. शरण जायचं म्हणजे हातपाय गाळून बसायचं असं मला वाटायचं. वही सुरू झाली त्या महिन्यात मी बँकेत गेले, दवाखान्यात गेले, शाळेत गेले, आधीच्या कुठल्याही महिन्यापेक्षा जास्त कामं उरकली.

दुसरी गोष्ट, डबा. उजवीकडे लिहिलेली काळजी चिठ्ठीवर उतरवायची, घडी घालायची आणि झाकणाच्या डब्यात टाकायची. टाकताना म्हणायचं, हे तुझं. मग ती काळजी पुन्हा करायची असेल तर आधी उठून, डबा उघडून, ती चिठ्ठी हाताने बाहेर काढायची, त्याशिवाय नाही. हा प्रकार जगभरच्या गटांत चालतो, आमच्याकडे कुणाचा बुटाचा खोका आहे, कुणाची बिस्किटांची बरणी. मी स्टीलचा कडीचा डबा देव्हाऱ्याखाली ठेवला. हे लिहिताना साधं वाटतं. करताना मला कळलं की रात्री मी किती वेळा ती काळजी ‘परत’ घेते. अंथरुणातून उठून, दिवा न लावता, चाचपडत जाऊन चिठ्ठी काढायची म्हणजे आपण काय करतोय ते स्वतःला दिसतं. मनात तर ते दिसतच नाही, तिथे काळजी आपोआप फिरत राहते.

खरी कसोटी पगाराच्या दिवशी लागली. सात वाजले, हे नाहीत. आठ झाले. एरवी मी मुलाला चप्पल घालायला सांगितलं असतं. चिठ्ठी लिहिली, ‘हे कुठे असतील’, डब्यात टाकली. पाच मिनिटांत काढली. परत टाकली. नऊला बाईंना फोन लावला, माझा आवाज लागत नव्हता. त्या म्हणाल्या, ‘उद्या भाजी काय आहे?’ म्हटलं, मटकी. ‘मग खडे निवडायला बस. मटकी संपली की मला फोन कर.’ मी परात घेऊन बसले. मन शांत झालं असं मी अजिबात सांगणार नाही. पोटात गोळा होता, जिन्यावर पाय वाजला की हात थांबत होता. तोंडाने विठ्ठल विठ्ठल चाललं होतं आणि त्यात भाव होता का, तर नव्हता, नुसती भीती होती. पण मी उठले नाही. फोन केला नाही. हे रात्री एकच्या सुमारास आले, पिऊन आले, पाकीट अर्धं. यांच्यात काहीही बदललं नव्हतं.

बदललं ते आतल्या खोलीत. मुलगा झोपला होता. त्याची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, त्याने अभ्यास केला, जेवला आणि झोपला. बापाला शोधायला त्याला गल्लीत जावं लागलं नव्हतं. त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट करताना मला लख्ख कळलं की माझी काळजी एकटी मी करत नव्हते, हा पोर माझ्यासोबत ती वाहत होता. त्या रात्रीनंतर मी त्याला कधीही पाठवलं नाही. शरणागती म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी देवाचं नंतर सांगते, आधी ही रात्र सांगते.

आमच्या गटाची प्रार्थना तुम्ही ऐकली असेल. जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती, जे बदलता येतं ते बदलायचं धैर्य आणि दोन्हींतला फरक ओळखायचं शहाणपण दे, अशी ती आहे. राइनहोल्ड नीबर नावाच्या अमेरिकन धर्मचिंतकाची मानतात. बायका शांतीवर थांबतात. बाई नेहमी धैर्यावर थांबवतात, आणि त्याला कारण आहे. एकदा एक नवी मुलगी आली, ओठ सुजलेला. म्हणाली, मी सगळं देवावर सोडलंय, मारतात तेव्हा गप्प बसते. मीटिंगमध्ये कुणी सल्ला देत नाही, त्यामुळे तेव्हा कुणी काही बोललं नाही. संपल्यावर बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या, गटाची म्हणून नाही, एक बाई म्हणून. मार खाणं डब्यात टाकायचं नसतं असं त्यांनी तिला सांगितलं. तुझा जीव सांभाळणं ही वहीची डावी बाजू आहे. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, जीव धोक्यात असेल तर ११२. हात उगारला की कुठल्या शेजारणीचं दार ठोकायचं ते आजच ठरव, कागदपत्रं आणि थोडे पैसे तिच्याकडे ठेव. ती मुलगी पुढे माहेरी गेली. सोपवणं आणि सोसणं यांची गल्लत आपल्याकडे फार सहज होते, सोसणाऱ्या बाईचं कौतुक करायची सवय आहे आपल्याला. या बाबतीत माझं मत पक्कं आहे: जी शरणागती बाईला मार खायला शिकवते ती शरणागती नव्हेच.

आणखी एकीबद्दल लिहायला हवं. तीही नायगावचीच, बौद्ध. तिच्या घरात देव नाही, बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे. तिने पहिल्याच महिन्यात सरळ सांगितलं की मी ईश्वराच्या हवाली काही करणार नाही, बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मी मानते. त्या प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातलं पाचवं शीलही तेच, आणि तिचा नवरा ते रोज म्हणून रोज पीत होता, हे तिचं दुःख होतं. पायरीत ‘आपल्याला जसा समजला तसा’ हे शब्द आहेत ते अशासाठीच. तिने आमचा गटच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानला. म्हणाली, एकटीला जमत नाही ते तुम्हा सगळ्यांत बसल्यावर जमतं, एवढं मी डोळ्यांनी बघितलंय, तेवढ्यावर विश्वास ठेवते. वंदना म्हणताना ‘शरणं गच्छामि’ तोंडात येतं तेव्हा ती संघाला शरण जाते तशीच इथे येते, असं तिने मला समजावलं. तिच्यामुळे माझाही विठ्ठल बदलला. मी त्याच्याकडे मागायची ते काम करून देणारा कुणी म्हणून. आता मी त्याच्यापुढे उभी राहते ती, जे मला पेलत नाही ते खाली ठेवायला एक जागा आहे म्हणून. एकादशी अजूनही करते. नवस बोलत नाही.

हे नंतर पुन्हा रुग्णालयात दाखल झाले, तिथून एएच्या मीटिंगला जायला लागले, एकदा स्लिप झाली म्हणजे पुन्हा प्यायले, परत मीटिंगला गेले, आणि टिकले. माझ्या शरण जाण्याने यांची दारू सुटली असं कुणी म्हणालं तर मी हात जोडून नको म्हणेन. आमच्या गटात अशा बायका आहेत ज्यांनी सगळं मनापासून केलं आणि नवरा गेला. लिव्हर गेलं, संपलं. त्यांची साधना माझ्यापेक्षा कमी नव्हती. मी जे केलं ते करण्याआधी आजार कुणामुळे झाला, कोण आवरणार, कोण बरा करणार, या तिन्ही प्रश्नांना माझं एकच उत्तर होतं, ‘मी’. अल-ॲनॉनमध्ये नेमकं उलटं शिकवतात: तू तो आणला नाहीस, तुला तो आवरता येणार नाही, तुला तो बराही करता येणार नाही. ज्या बायकांचे नवरे गेले त्यांना हे कळलेलं होतं म्हणून त्या स्वतःला दोष देत जळत बसल्या नाहीत. एवढंही खूप आहे.

यांची दारू थांबल्यावर माझी काळजी कमी होईल असं मला वाटलं होतं. ती वाढली. प्यायचे तेव्हा निदान माहीत होतं की पिऊन येणार. आता प्रत्येक संध्याकाळ धोक्याची. हे रोज मीटिंगला जायचे, तिथल्या मित्रांशी तासन् तास बोलायचे, हसायचे, आणि मी घरात एकटी. इतकी वर्षं मी ज्याच्यामागे धावले ते काम तिथल्या अनोळखी माणसांनी करून टाकलं, आणि मला कुणी विचारलं नाही. लोइसचंही असंच झालं होतं हे मला बाईंनी सांगितलं तेव्हा मला केवढा आधार वाटला. बिल दारूतून बाहेर आल्यावर एकदा त्याने तिला मीटिंगला चल म्हणून घाई केली, तेव्हा तिने चिडून बूट फेकून मारला आणि मग स्वतःच विचारात पडली की हा सावरल्यावर मला इतका राग कशाचा येतोय. त्या विचारातूनच पुढे तिने स्वतःसाठी पायऱ्या हातात घेतल्या. मी बूट फेकला नाही, पण भांडी आपटली आहेत.

दीराच्या मुलाची हळद ठरली तेव्हा हा राग आणि भीती दोन्ही वर आली. आमच्याकडे हळदीला रात्री गच्चीवर काय चालतं ते सांगायला नको. यांनी जायचं ठरवलं, सोबत गटातल्या एका मित्राला घेतलं, आणि दहाला परत येतो म्हणाले. मी म्हणणार होते की मीही येते, जवळच बसते. वही उघडली. यांनी कुणाच्या हातचा ग्लास घ्यायचा, उजवी बाजू. वरमाईला मदत करायची, डावी. मी खाली बायकांत राहिले, उखाणे घेतले, गच्चीचा जिना चढले नाही. घरी आल्यावर जवळ जाऊन वास घेतला नाही, आणि हे माझ्यासाठी त्या दिवशीचं सगळ्यात कठीण काम होतं. पाणी मात्र दिलं.

दर पाडव्याला मी डबा रिकामा करते. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या वाचल्या. किती खऱ्या झाल्या, किती फुकट गेल्या, असा हिशोब मांडायचा मोह झाला होता. काही अगदी खऱ्या झाल्या होत्या. यांची बढती गेली, ती चिठ्ठी होती. सासूबाईंचं दुखणं होतं, त्या गेल्या. आणि जे सगळ्यात वाईट त्या वर्षी घडलं, माझ्या भावाचा अपघात, त्याची चिठ्ठीच नव्हती, ते माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. मी इतकी जागून राखण केली ती भलत्याच दाराची. तेव्हापासून वाचत नाही. न वाचता फाडते आणि ओल्या कचऱ्यात टाकते.

आता मुलगा मोठा झालाय, एसी दुरुस्तीच्या कामाला आहे. गेल्या काही महिन्यांत शनिवारी तो उशिरा येतो, आणि दोनदा मला वास आला. मी मुद्दाम जवळ गेले नव्हते, तो माझ्याजवळून गेला. नवऱ्याला सोपवायला मी शिकले होते, पण पोराचं नाव चिठ्ठीवर लिहायला हात तयार होईना. हा तोच, ज्याला मी परमिट रूमच्या दारात पाठवायचे. बाईंना मी हेच म्हणाले की हे माझं कर्म आहे, हे मी देवावर कसं टाकू? त्या म्हणाल्या, डावीकडे काय आहे ते आधी बघ. डावीकडे एक गोष्ट होती. रविवारी सकाळी, तो चहा पीत असताना, हे घरात असताना, मी त्याला सांगितलं: रक्ताच्या नात्यात हा आजार असला की आपल्याला धोका जास्त असतो, तुझ्या बापाचीही सुरुवात शनिवारचीच होती, मला भीती वाटते. आणि लहानपणी तुला शोधायला पाठवलं, ते माझ्याकडून व्हायला नको होतं. तो काही बोलला नाही. यांनी त्याला म्हटलं, कधी वाटलं तर माझ्याबरोबर मीटिंगला ये, नुसता बस. मी एकदाच बोलले. दुसऱ्यांदा बोलायचं नाही हे अवघड आहे, शनिवारी तर फारच. तेव्हा मी बाईंना फोन करते किंवा मटकी निवडते. त्याच्या नावाची चिठ्ठी डब्यात आहे, आणि ती किती वेळा बाहेर येते आणि आत जाते ते सांगण्यासारखं नाही. पण मी त्याचा फोन तपासलेला नाही, मित्रांच्या आयांना विचारलेलं नाही, खिसे बघितलेले नाहीत. यांच्या वेळी हे सगळं करून काय हाती लागलं ते मी पाहिलंय.

ज्यांच्या घरात आत्ता हे चालू आहे त्यांच्यासाठी थोडं. तुमचा माणूस अजून पीत असला तरी तुम्ही अल-ॲनॉनला जाऊ शकता, त्याच्या परवानगीची किंवा सुधारण्याची वाट बघायची नसते. मुलं मोठी, शाळा-कॉलेजातली असतील तर त्यांच्यासाठी ॲलाटीन आहे. उपचारांची माहिती हवी असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी क्रमांक आहे. एका मीटिंगवरून काही ठरवू नका, निदान सहा मीटिंगा तरी करून मग ठरवा असं आमच्याकडे सांगतात, आणि मला ते अनुभवाने पटतं, कारण पहिल्या दोन मीटिंगांत मी फक्त फळा बघत होते. बोलायची सक्ती नाही. तुमची पाळी आली की नुसतं नाव सांगून ‘आज ऐकते’ म्हटलं तरी पुढची बोलायला लागते.